घरातील दिवस: विणकाम आणि वाचन
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात महिला शाखेच्या सभेपुढे केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे 'घरी राहून करण्याजोगे छंद' असा विषय छापला आहे. तो वाचून पुरुष मंडळींपैकी काहींनी या तासात बाहेर चहा घेण्याचा बेत केला असेल, तर त्यांनी थोडे थांबावे अशी आमची विनंती आहे. कारण आम्हांस आज जे मागावयाचे आहे ते मुख्यतः त्यांच्याकडे आणि त्यांच्या मुलांकडे मागावयाचे आहे. छंद हा शब्द आम्हांस या प्रसंगी फारसा रुचत नाही. ज्याला वेळ आहे त्याला छंद असतो. आम्हांस बोलावयाचे आहे ते त्या वेळेविषयीच, आणि विणकाम व वाचन ही दोन कामे आम्ही त्यासाठी निवडली आहेत.

दीर्घकाळ घरी राहणे म्हणजे काय, याचा अनुभव आपल्या कर्त्या पुरुषांस सन २०२० मध्ये प्रथमच आला. २४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी टाळेबंदी जाहीर केली. एकवीस दिवसांची म्हणून सुरू झालेली ती बंदी चार टप्प्यांनी ३१ मेपर्यंत लांबली. २५ मार्चपासून मोजले तर ते दिवस ६८ भरतात. त्या ६८ दिवसांत घराच्या चार भिंतींविषयी जेवढे बोलले गेले व लिहिले गेले, तेवढे त्यापूर्वीच्या शंभर वर्षांत झाले नसेल. आपल्या आज्या-पणज्यांनी मात्र आयुष्याची चाळीस-पन्नास वर्षे त्याच भिंतींत काढली आणि त्याबद्दल कोणी त्यांस विचारले नाही. ही तक्रार म्हणून आम्ही सांगत नाही. परंतु घरात राहून मन जिवंत कसे ठेवावे, ही विद्या त्यांच्यापाशी होती, आणि ती आपण त्यांच्याकडून पुरती घेतली नाही, असे आम्हांस वाटते.

त्या दिवसांत एक समजूत सर्वत्र पसरली होती, की आता सर्वांना वेळच वेळ आहे. कोणी केक करावयास शिकत होते, कोणी संवादिनी काढून बसले होते. ज्या घरात धुण्या-भांड्यांस येणारी बाई येऊ शकत नव्हती, मुलांची शाळा स्वयंपाकघराच्या टेबलावर भरत होती आणि चार माणसे तीन वेळा जेवत होती, त्या घरातील गृहिणीस वेळ कोठून मिळाला, हे विचारण्याचे कोणास सुचले नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या विनियोगाची पाहणी केली होती. तिचे आकडे टाळेबंदीनंतर, सप्टेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. घरातील बिनपगारी कामांत दिवसाकाठी हात घालणाऱ्या स्त्रिया शेकडा ८१ होत्या आणि पुरुष शेकडा २६. जे हात घालीत त्यांच्यापैकी स्त्रियांची सरासरी २९९ मिनिटे भरली, पुरुषांची ९७. म्हणजे जो पुरुष घरकाम करतो त्याच्यात आणि स्त्रीच्यात २०२ मिनिटांचे अंतर आहे. जो करीतच नाही त्याची गोष्ट वेगळी. पुढे २०२४ मध्ये अशीच पाहणी झाली. तीत हे आकडे २८९ आणि ८८ असे आले, म्हणजे अंतर जवळजवळ तेवढेच राहिले. हा २०२ चा आकडा आपण लक्षात ठेवावा. आम्ही थोड्या वेळाने त्याकडे परत येणार आहोत.

तरीही त्या काळात आमच्या परिचयातील अनेक भगिनींनी माळ्यावरची सुयांची पिशवी खाली काढली. लोकरीची दुकाने बंद होती. लोकर ही काही जीवनावश्यक वस्तू नव्हे. तेव्हा त्यांनी जुने स्वेटर उसवले. तरुण मुलींपैकी पुष्कळांनी हे काम कधी पाहिले नसेल, म्हणून सांगतो. स्वेटरची शिवण प्रथम जपून सोडवावयाची. मग ज्या टोकाशी टाके बंद केले असतील त्या टोकापासून धागा ओढू लागावे. लोकर निघते ती नागमोडी, प्रत्येक टाक्याची आठवण ठेवून. तशीच ती पुन्हा विणली तर वीण खडबडीत व ओबडधोबड होते. म्हणून ती खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून तिची लड करावयाची, लड चार ठिकाणी सैल बांधावयाची, कोमट पाण्यात भिजवून हलके पिळावयाची आणि खालच्या टोकास थोडे वजन अडकवून सावलीत वाळत टाकावयाची. वाळली की लोकर सरळ होते. मग कोणीतरी दोन हात पुढे करून लड धरावयाची आणि दुसऱ्याने गुंडा करावयाचा. मुलाच्या शाळेतील गणवेशाचा निळा स्वेटर असा नातवाचा झाल्याचे आम्ही पाहिले आहे. मधली वीस वर्षे तो कपाटात होता.

वाचनाचे हाल याहून अधिक झाले. ग्रंथालये बंद झाली ती आपल्या राज्यात १५ ऑक्टोबर २०२० पासून उघडण्याची परवानगी मिळेपर्यंत. हा दिवस योगायोगाने वाचन प्रेरणा दिनाचा होता. तोपर्यंत ज्याच्या घरी जी पुस्तके होती तीच. आमच्या ओळखीच्या एका इमारतीत जिन्याच्या कठड्याला एक कापडी पिशवी टांगलेली असे. वाचून झालेले पुस्तक तीत ठेवावयाचे आणि दुसरे न्यावयाचे. त्या पिशवीतून सर्वांत अधिक फिरलेले पुस्तक एक जुना दिवाळी अंक होता, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

आता आमच्या मुद्द्याकडे वळतो. विणकाम आणि वाचन ही दोन्ही बसून करावयाची कामे आहेत, शांतपणे करावयाची आहेत, आणि तरीही घरात या दोहोंस मिळणारी वागणूक अगदी निराळी आहे. हातात सुया घेऊन बसलेली बाई कामात आहे असे घर समजते. हातात पुस्तक घेऊन बसलेली बाई रिकामी आहे असे समजते. पहिलीला हाक मारताना मनुष्य क्षणभर थांबतो, निदान 'ही सुई पुरी होऊ दे' हे तिचे उत्तर ऐकून घेतो. दुसरीला सरळ हाक जाते. 'हे पान पुरे होऊ दे' असे उत्तर देणारी सून आपल्यापैकी किती घरांत खपेल, याचा विचार प्रत्येकाने आपल्याशी करावा.

हे आजचे नाही. रमाबाई रानडे यांचे लग्न १८७३ साली झाले, तेव्हा त्यांस अकरावे वर्ष होते. न्यायमूर्तींनी त्यांस शिकविण्याचा आग्रह धरला आणि घरातील वडीलधाऱ्या बायकांनी त्या शिक्षणापायी त्यांस किती बोल लावले, हे त्यांनीच १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. त्या घरात रमाबाईंच्या कामास हरकत नव्हती, हरकत पुस्तकास होती. पुढे १९०९ साली पुण्यास सेवासदन उभे राहिले, तेव्हा तेथे शिवणकाम आणि लेखन-वाचन ही दोन्ही एका छपराखाली शिकविली जात, यात रमाबाईंचे व्यवहारज्ञान आम्हांस दिसते. ज्या घरातून मुलगी शिवण शिकण्यास पाठविली जाई, त्या घरात ती वाचावयास शिकूनही परत येई.

इंग्रज लेखकांनीही ही गोष्ट ओळखली होती. डिकन्सच्या १८५९ च्या 'अ टेल ऑफ टू सिटीज' या कादंबरीत मादाम दफार्ज नावाची स्त्री दुकानात बसून सतत विणीत असते. ती त्या विणीत शत्रूंची नावे नोंदवीत आहे हे सहजासहजी कोणाच्या ध्यानात येत नाही. अॅगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल अशीच कोपऱ्यात विणत बसते, आणि खून कोणी केला ते तिला पोलिसांच्या आधी कळते. विणणाऱ्या बाईच्या डोक्यात काही चालले असेल अशी शंका जगास येत नाही. आम्हांस येथे कोणाचा सूड घ्यावयाचा नाही. परंतु या अज्ञानाचा थोडा लाभ आपणही घेण्यास हरकत नाही.

तो असा, की हात सुयांत गुंतलेले असताना पुस्तक कानांनी वाचावे. यात नवे काहीच नाही. चातुर्मासात दुपारी पोथी लागे, तेव्हा ऐकणाऱ्या बायकांचे हात कधी मोकळे नसत. शिवलीलामृताचे चौदा अध्याय होत आणि तेवढ्यात मांडीवरच्या कापसाच्या वाती होत. लाख वातींचा नेम कित्येकींनी याच रीतीने पुरा केला. वाती वळण्यास डोळे लागत नाहीत, म्हणून कान मोकळे राहतात. त्या पोथीने आपल्या निरक्षर पणज्यांस श्रीधराची भाषा तोंडपाठ करून दिली. अशीच रीत फार दूर, क्यूबा बेटात, निराळ्या कारणाने सुरू झाली. हवाना येथील चिरूट वळणाऱ्या कामगारांनी १८६५ साली कारखान्यात मोठ्याने वाचणारा एक वाचक बसविण्यास आरंभ केला. सकाळी वर्तमानपत्रे आणि नंतर कादंबऱ्या, असा क्रम पुढे तेथे रूढ झाला. वाचकाचा पगार कामगार आपल्या मजुरीतून देत. द्यूमाची 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो' त्यांस इतकी प्रिय झाली, की तेथील एका चिरुटास तेच नाव मिळाले, असे सांगतात. आपल्या पोथीत आणि त्यांच्या कादंबरीत अंतर आहे, पण हात आणि कान यांची वाटणी एकच आहे.

विणकाम हे आपले मूळचे नव्हे. विणलेले सर्वांत जुने सुती मोजे इजिप्तमध्ये सापडले. ते सुमारे आठशे ते हजार वर्षांपूर्वीचे मानले जातात. आपल्याकडे दोन सुयांचे हे काम इंग्रजी अमदानीत, मिशनऱ्यांच्या व नंतर आपल्याच मुलींच्या शाळांतील तासांतून आले. पण आल्यावर ते बाळंतविड्यात जाऊन बसले, आणि जी वस्तू बाळंतविड्यात शिरली ती आपली झाली. झबले-कुंचीच्या जोडीला लोकरीचे टोपरे आणि मोजे येऊ लागले. १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या वेळी घरोघरी जवानांसाठी स्वेटर विणले गेले. ज्यांस सुई धरता येत नव्हती त्यांनी त्या हिवाळ्यात शिकून घेतले. मुंबईच्या उकाड्यात लोकर कशाला, असे कोणी विचारतात. त्यांस आम्ही म्हणतो की तुमची मुलगी दिल्लीस आहे, भाचा टोरांटोस आहे. लुधियानाचा यंत्रावरचा स्वेटर आपल्या लोकरीच्या किमतीतच मिळतो हेही खरे आहे, आणि काटकसरीचे सोंग आणून विणकामाचे समर्थन आम्ही करणार नाही.

आता थोडा हिशेब. ४० इंच छातीचा, बिनबाह्यांचा स्वेटर घ्या. फोर-प्लाय लोकर, १० नंबरच्या सुया. आडवे इंचास सुमारे ७ टाके पडतात, उभ्या इंचास ९ सुया. पुढचा भाग १४० टाक्यांचा, मागचा तितकाच, लांबी २४ इंच म्हणजे २१६ सुया. गुणाकार केला तर दोन्ही भाग मिळून ६०,४८० टाके होतात. मुंढ्यात आणि गळ्यात काही कमी होतील, पट्ट्यांत काही वाढतील. सरावाची बाई मिनिटास तीसएक टाके घालते. म्हणजे २,०१६ मिनिटे, सुमारे साडेतेहतीस तास. आता चारशे पानांचे पुस्तक घ्या. पानावर अडीचशे शब्द आणि मोठ्याने वाचताना मिनिटास शंभर शब्द धरले तर पानास अडीच मिनिटे, पुस्तकास एक हजार मिनिटे. एका स्वेटरात अशी दोन पुस्तके बसतात. दररोज अर्धा तास दिला तर हे सर्व ६७ दिवसांत पुरे होते, आणि टाळेबंदीचे दिवस ६८ होते. ज्या घरात तो अर्धा तास कोणी दिला नाही, तेथे स्वेटरही झाला नाही आणि पुस्तकेही झाली नाहीत.

पुरुष मंडळींस थांबवून घेतले ते यासाठी. २०२ मिनिटांच्या अंतरातील ३० मिनिटे आम्ही मागतो. रात्रीची भांडी विसळणे, ओटा पुसणे, सकाळची भाजी निवडून ठेवणे यांपैकी जे जमेल ते त्यांनी करावे. ते करवत नसेल तर शेजारी बसून वाचून दाखवावे. परंतु भांडी विसळणे सोपे आहे असे अनुभवी लोक सांगतात.

कोणते काम करताना काय ऐकावे यालाही तारतम्य लागते. एक सुई सुलट, एक सुई उलट अशी साधी वीण असेल तर कितीही गहन पुस्तक चालते. बोटे आपोआप चालतात. सराव असेल तर मांडीवर पुस्तक उघडे ठेवून स्वतःही वाचता येते, पान धरण्यास कपड्यांचा एक चिमटा पुरतो. जाळीची वीण किंवा वेणी असेल तर मात्र दर सुईस मोजावे लागते. तेव्हा पुस्तक मिटावे आणि गाणी लावावीत. मोज्याची टाच वळविताना तर बोलूही नये. गळ्याचे टाके कमी करण्याच्या वेळी कथेत कोणी मरणार असेल तर वाचणाऱ्याने आधी सूचना द्यावी. आमच्या बैठकीत अशा एका प्रसंगी चौघींचे टाके एकदम सुटले होते. निवडही कानास सोसेल अशी असावी. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' बोलल्यासारखी लिहिलेली आहेत, ती ऐकताना हात कधी थांबत नाहीत, हसण्याने थांबले तरच. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' १८९० पासून 'करमणूक' पत्रात हप्त्याहप्त्याने आली होती, म्हणून ती बैठकीबैठकीने वाचण्यास योग्य आहे. इरावती कर्वे यांचे 'युगान्त' साध्या विणीबरोबरच घ्यावे. मोबाइलवर ऐकावयाची पुस्तकेही आता मराठीत पुष्कळ मिळतात. एकटीने राहणाऱ्या भगिनींस त्यांचा मोठा आधार आहे, आणि आम्ही त्यांस नावे ठेवणार नाही. तथापि यंत्रास मध्येच 'थांब, तो परिच्छेद पुन्हा वाच, आणि ती असे का वागली ते सांग' असे म्हणता येत नाही.

शेवटची गोष्ट मुलांविषयीची, आणि ती आम्हांस सर्वांत निकडीची वाटते. आपल्या समाजातील पुष्कळ मुले आता इंग्रजी शाळांत जातात. ती मराठी उत्तम बोलतात. परंतु देवनागरीचे पान पुढे ठेवले तर बोट ठेवून, जोडाक्षरापाशी अडखळत वाचतात, आणि लाज वाटून वाचणेच सोडून देतात. त्याच घरात एक आजी असते. तिची दृष्टी मोतीबिंदूने किंवा वयाने अधू झालेली असते, बारीक टाइप तिला दिसत नाही, म्हणून तिचेही वाचन सुटलेले असते. तिची बोटे मात्र न पाहता टाके घालतात. या दोघांच्या गरजा एकमेकांस इतक्या तंतोतंत जुळतात, की त्या जुळविण्यास घरातील तिसऱ्या माणसाने पुस्तक आणून देण्यापलीकडे काही करावे लागत नाही. मूल वाचील, अडखळेल, आजी शब्द सांगेल. शिक्षकापुढे लाजणारे मूल आजीपुढे लाजत नाही, कारण तिचे डोळे त्याच्याकडे नसतात, लोकरीकडे असतात. टाळेबंदीत आमच्या माहितीतील एका घरी सातवीतील मुलाने याच रीतीने 'चिमणरावांचे चऱ्हाट' संपविले. पहिल्या दिवशी त्याने अर्ध्या तासात तीन पाने वाचली होती, शेवटी शेवटी अकरा. आजीने त्या अवधीत त्याला कानटोपी केली. ती त्याने मुंबईत एकदाही घातली नाही, परंतु ती त्याच्या टेबलाच्या खणात आहे.

म्हणून महिला शाखेने असे ठरविले आहे, की दर शनिवारी सायंकाळी पाच ते साडेसहा मंडळाच्या वाचनालयात अशी बैठक भरवावी. वाचणारे दहा ते सोळा वर्षांचे असावेत, मुलगे व मुली दोन्ही, आणि प्रत्येकाने दहा मिनिटांहून अधिक वाचू नये. पहिले पुस्तक 'स्मृतिचित्रे' आहे. वाचनालयात त्याच्या दोन प्रती आहेत, एक मोठ्या टाइपाची. विणलेल्या वस्तूंपैकी पहिला बाळंतविडा आपल्याच ज्ञातीतील, ज्या घरी येत्या वर्षी पाळणा हलेल त्या घरी जाईल. ज्यांस येण्याजाण्याचे जमणार नाही त्यांच्या घरी वाचणारे मूल पाठविण्याची व्यवस्था होत आहे. त्यासाठी नावे चिटणिसांकडे द्यावीत. येताना ८ किंवा १० नंबरच्या सुया आणाव्यात आणि लोकर फिक्या रंगाची घ्यावी, कारण गडद निळ्या व काळ्या लोकरीतील टाके दिव्याखाली दिसत नाहीत. ज्यांच्याकडे लोकर नसेल त्यांनी एखादा जुना स्वेटर आणावा. पहिल्या शनिवारी उसवण्याचेच काम आहे, आणि लड धरण्यासाठी दोन रिकामे हात असलेला कोणीही चालेल.